फळीपलीकडची हाक

"तुझ्या पोटात कोण बसलंय?"

हा प्रश्न मला विचारायचा, आणि तोही माझ्या जाळीला कान लावून, अशी पैज अबोली आणि पूजाने उत्कर्षाला घातली होती. "शाळेत लय बडबडतीस ना आता? मग विचारून दाखव!" अबोली म्हणाली होती. श्रावणातली दुपार होती. धुकं खिडकीतून आत येऊन कांद्याच्या पोत्यांवर बसलं होतं. उत्कर्षाने वेणी मागे टाकली, माझ्यासमोर गुडघे टेकले, कान लावला आणि विचारलं.

आणि मी उत्तर दिलं.

शब्द नव्हता तो. नुसतं 'घुं...' एवढंच. पण मी तर तेव्हा बंद होतो! तिघी अशा काही किंचाळत अंगणात पळाल्या की अबोलीची एक चप्पल माझ्यासमोरच राहिली, आणि ती आणायला परत आत यायची छाती तिघींपैकी एकीचीही झाली नाही.

मित्रांनो, घाबरू नका. आमच्या या कोयनेच्या खोऱ्यात जमीन मधूनच कूस बदलते. चहाच्या कपात गोल गोल रेघा उठतात, फडताळातली भांडी किणकिणतात. बायका एकमेकींना विचारतात, "हलला का गं?" "हलला." आणि पुन्हा भाकरी थापायला लागतात. त्या दुपारी तसाच एक बारीक धक्का बसला आणि माझा जुना, सैल पडलेला पडदा थरथरला. आता तो नेमका त्या प्रश्नानंतरच का बसला, हे मात्र मला विचारू नका. मलाही ठाऊक नाही. आणि खरं सांगू का? प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या पोटात खरंच कुणीतरी होतं.

मी स्पीकर. लाकडाचा, कमरेएवढा उंच, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेला. माझा जन्म सांगलीचा. बाळासो नावाच्या सुताराने माझा खोका बांधला, आत काळ्या कागदाचा पडदा बसवला, मागे जडच्या जड लोहचुंबक लावलं आणि पुढे सोनेरी ठिपक्यांचं कापड ताणलं. आम्ही जुळे होतो. आम्हाला पहिल्यांदा वाजवून बघितलं तेव्हा बाळासो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो जरा घोगरा हाय. पर र्‍हाऊ द्या. वळकू येतोय."

ते खरं होतं. माझ्यातून कुणीही बोललं तरी त्या आवाजाला माझा घोगरेपणा लागतो. पाटील बोलू द्या, भटजी बोलू द्या, नाहीतर लहान पोर. आवाज त्यांचा आणि घसा माझा.

आम्हाला विकत घेतलं आप्पासोंनी. कोयनानगरच्या अलीकडे, घाटरस्त्याच्या एका वळणावर त्यांचं घर. लग्न असो, बारसं असो, यात्रा असो, आप्पासोंचे स्पीकर ठरलेले. एकदा तर आम्ही पार औंधला यमाईच्या यात्रेला गेलो होतो. लोक म्हणायचे, "आप्पाचा स्पीकर म्हंजे मागच्या पंगतीला बी ऐकू येनार!" माझी छाती अशी फुगायची की पुढचं कापड फाटतंय की काय असं वाटायचं.

आणि आमचा आवाज तपासायला असायची अर्जुना. आप्पांची लेक, तेव्हा सहा-सात वर्षांची. आप्पा मंडपाच्या पार टोकाला जाऊन उभे राहायचे आणि ती माइकवर बोटाने तीनदा वाजवायची. टक, टक, टक. मग म्हणायची, "आप्पा! आप्पा! ऐकू येतंय का?" आप्पा लांबून हात वर करायचे. जवळ असले तर माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे. म्हणजे आलं ऐकू. बाप-लेकीचा तो खेळ मी शेकडो वेळा माझ्या अंगावर झेलला.

मग अर्जुना मोठी झाली. तिने सांगलीतल्या एका मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. त्या दिवशी आप्पा अंगणात उभं राहून एवढंच म्हणाले, "आजपासनं ह्या घरात तिचं नाव काडायचं न्हाई." कुणी काढलं नाही. वीस वर्षं काढलं नाही. पुढे माझा जुळा भाऊ एका वरातीत जळाला, गावोगाव डीजेच्या भिंतीच्या भिंती आल्या, आणि मला स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत फळीच्या भिंतीला पाठ लावून ठेवलं. माझ्या डोक्यावर कांद्याची पोती आली. पोटात उंदराने पिल्लं घातली. ज्याच्यातून हजार माणसांना हाका गेल्या, त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मला बाहेर काढलं ते उत्कर्षाने. आप्पांची नात ही, मानसिंगची मुलगी. मानसिंग म्हणजे अर्जुनाचा धाकटा भाऊ. सांगलीत आपल्याला एक आत्या आहे, एवढंच हिला कुणाकुणाकडून ऐकून माहीत. तो वीजघरात पाळीवर जातो आणि उत्कर्षाची आई अंगणवाडीत शिकवते. नववीपर्यंत ही पोरगी अशी होती की वर्गात हजेरी घेतानासुद्धा तिचा 'हजर' ऐकू यायचा नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने मला उचललं, उंदराची पिल्लं घरामागच्या परड्यात नेऊन सोडली, यूट्यूबवर बघून बघून माझ्यात ब्लूटूथची एक हिरवी पट्टी डाग देऊन बसवली, आणि मी मोबाईलवरून वाजायला लागलो. बिनावायरचा! पाटणला तालुक्यात दुसरा नंबर आला. तिथे माइक हातात घेऊन ती माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलली, आणि त्यानंतर जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. मी मात्र परत अडगळीत, माझ्या जुन्या जागी आलो.

दहावी सुरू झाली तशी आईने तिच्याकडून शपथ घेतली. "प्रदर्शन झालं. आता मोबाईल फक्त अभ्यासाला. माझ्या गळ्याला हात लावून सांग." तिने लावला.

आणि पंधरा दिवसांत ती सिरीज आली.

कोरियन. खुनाची. अबोलीने आधी बघितली आणि वर्गात सगळ्यांना वेड लावलं. बारा मजल्यांची एक बिल्डिंग. तिच्यातली एक छोटी मुलगी गायब होते. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. पोलीस शोधून शोधून दमतात, पण बापाला रोज भिंतीतून मुलीची हाक ऐकू येते. तो सांगतो, हात जोडतो, भिंतीला कान लावून रडतो. सगळे म्हणतात, दुःखानं याचं डोकं फिरलंय.

उत्कर्षाची शाळा सकाळची. दुपारी घरात ती आणि आप्पा दोघंच. तिचा मोबाईल भांड्यांच्या टबात पडल्यापासून त्याचा स्वतःचा आवाज बसलेला, म्हणून मी. "हळू ठेवलं की झालं," ती माझ्याशी बोलायची, "आणि आप्पांना काय ऐकू येतंय! जन्मभर स्पीकरजवळ बसून कान गेलेत त्यांचे."

इथेच तिचं चुकलं. माझी पाठ फळीला टेकलेली होती. फळीपलीकडे पडवी. पडवीत आप्पांची खाट, आणि खाटेचं उशाकडचं टोक फळीला लावलेलं. हवेतला आवाज आप्पांच्या कानाला कळायचा नाही, पण लाकडातून आलेला सरळ हाडात शिरायचा. पाटणला दुसरा नंबर मिळवणारीच्या हे लक्षात येऊ नये!

पण लक्ष कुठे होतं तिचं? ओढणीचं टोक तोंडात, पाय पोटाशी. पहिल्या भागात तिने ठरवलं की खुनी शेजारचा म्हातारा. "हाच! बघ ना कसा गोड हसतोय, ह्याचं हसणंच मला पटत नाही!" तिसऱ्या भागात तो म्हाताराच मेला. मग तिने लंगड्या इन्स्पेक्टरवर संशय घेतला, मग दूधवालीवर, मग पुन्हा मेलेल्या म्हाताऱ्यावर. लिफ्ट बंद मजल्यावर आपोआप थांबली की ती मोबाईल पालथा घालायची. पण मी चालूच असायचो. डोळे मिटता येतात, मित्रांनो, मला माझं तोंड मिटता येत नाही. दार करकरायचं, पाणी टपटपायचं, कुणीतरी श्वास घ्यायचं, आणि ते सगळं माझ्या कागदावरून चालत बाहेर जायचं. जन्मभर मी लग्नाची गाणी म्हटली. आता माझ्या तोंडून कुणी अनोळखी माणूस कुजबुजत होता आणि मला त्याचा एक शब्द कळत नव्हता.

एक सोडून.

चौथ्या भागात भिंतीतली मुलगी पहिल्यांदा बोलली. आधी तिने भिंतीवर वाजवलं. टक, टक, टक. मग बारीक, थरथरत्या आवाजात म्हणाली, "आप्पा... आप्पा..."

उत्कर्षाने सिरीज थांबवली आणि आधी पोट धरून हसली. लगेच मैत्रिणींना आवाज पाठवला, "अगं, कोरियात पण बापाला आप्पाच म्हणतात! आता आमचे आप्पा पण कोरियन!" दुसऱ्या दिवशी म्हणे शाळेच्या जिन्यात सगळ्या पोरी एकमेकींच्या मागून जाऊन "आप्पाऽऽ" म्हणत होत्या.

मी हसलो नाही. कारण वीस वर्षांनी माझ्या घशातून तोच शब्द त्याच घोगरेपणाने निघाला होता, आणि त्याच वेळी फळीपलीकडे खाट करकरली होती.

पुढच्या दुपारी धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. सिरीजमध्ये बाप भिंतीसमोर बसला होता. टक, टक, टक. "आप्पा..." आणि नंतर शांतता.

टक. टक. टक.

उत्कर्षा ताठ झाली. हा आवाज माझ्यातून आलेला नव्हता. माझ्या मागून आला होता. तिने सिरीज दहा सेकंद मागे नेली. तीन टकटक, "आप्पा", शांतता. पुढे काहीच नाही. पुन्हा मागे नेली. काहीच नाही. तिने मोबाईल बंद केला, तोंडावर दोन्ही हात दाबले आणि बसून राहिली. फळी गप्प. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, ते आप्पा आहेत, ते उत्तर देतायत! पण माझ्याजवळ माझा असा एकही शब्द नाही. मला कुणीतरी बोलायला लावावं लागतं.

तिने मैत्रिणींना सांगितलं. अबोली म्हणाली, "थापा!" पूजा म्हणाली, "शप्पथ घे." त्यानंतरच त्या दोघी ती पैज घेऊन घरी आल्या, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. चप्पल नंतर आईने नेऊन दिली.

एवढं होऊनही उत्कर्षाने बघणं सोडलं का? छे! भीती वाटत होती म्हणूनच सोडवेना. आता ती मधे पोतं ओढून त्याच्याआडून बघायची आणि पडद्यावरच्या पोलिसांवर ओरडायची, "अरे ऐका ना त्याचं! खरं सांगतोय तो माणूस! वेडा काय म्हणता त्याला!"

आणि त्या दिवसांत पडवीत काय चाललं होतं? आप्पा दुपारी झोपेनासे झाले. फळीवरून हात फिरवायचे. मग छत्री घेऊन वळणापर्यंत जायचे, सांगलीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत उभे राहायचे. आई एकदा त्यांना हाताला धरून घेऊन आली. "आवं आप्पा, धुक्यात कुठं निघालाव?" तर म्हणाले, "हाका मारतीय. कुनाला ऐकू येत न्हाई व्हय?"

सोमवारी संध्याकाळी एसटीचा कंडक्टर त्यांना घेऊन दारात आला. त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. "मानसिंगराव, आप्पा गाडीच्या फुडं हुबं की वो! धुक्यात नुसती छत्री दिसली. मानूस नंतर दिसलं. ब्रेक लागला म्हणून आज..." पुढचं तो बोलला नाही. पाणीसुद्धा न घेता गेला.

त्या दिवशी जेवताना मानसिंग म्हणाला, "साताऱ्याला डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊया. तवर पडवीच्या दाराला बाहेरनं कडी."

"आवं, कडी?" आई म्हणाली. "घरातल्या मानसाला?"

"मग काय करू? त्यांना भास होतायत. उद्या गाडीखाली सापडले तर?"

आप्पा भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "भास न्हाई. पोरगी फळीत हाय. आदी तीनदा वाजवती, मग 'आप्पा' म्हनती. मी वाजवून उत्तर दिलं की गप हुती."

उत्कर्षाचा घास हातातच राहिला. हे सगळं मला स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसत होतं. क्षणभर तिने तोंड उघडलं. मग आईकडे बघितलं. गळ्याला हात लावून घेतलेली शपथ आईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांतच अडकून बसली होती जणू. तिने तोंड मिटलं.

नववीतली उत्कर्षा परत आली होती. जिचा 'हजर' ऐकू येत नाही ती.

दुसऱ्या दिवशी मानसिंगची पाळी सकाळची होती. दुपारी घरी येऊन त्याने पडवीच्या दाराला बाहेरून कडी ठोकली. आईसुद्धा त्या दिवशी लवकर आली होती. उत्कर्षा माझ्याजवळ पोत्यावर बसलेली, मोबाईल हातात, शेवटचा भाग तेवढा राहिलेला. लावला नव्हता. बाहेर कडी पडली. खट्.

आप्पा ओरडले नाहीत. दार ढकललं नाही. आतून फक्त आवाज आला. टक. टक. टक. ऐकू येतंय का, असं विचारल्यासारखा.



आणि उत्कर्षा उठली. धावत गेली, बापाच्या हाताखालून कडी काढली. "भास नाही बाबा! आप्पांना भास होत नाहीत! मी आहे ती! माझी सिरीज आहे!"

"कसली सिरीज?" आई म्हणाली. तिचा आवाज आधीच बदलला होता.

"दाखवते. आधी ऐका आणि मग काय मारायचं ते मारा."

तिने आप्पांचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. मागोमाग ते दोघं. तिने चौथा भाग काढला. मी कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं, पण त्या क्षणी मागितलं, की आज तरी माझा पडदा फाटू नये.

टक, टक, टक. "आप्पा... आप्पा..."

खोलीतलं धुकंसुद्धा हललं नाही. आई भिंतीला टेकली. मानसिंगच्या हातावर काटा आलेला मला दिसला, कारण लहानपणी तोही मंडपात बसून बहिणीची ती हाक ऐकायचा.

आप्पांनी मोबाईलकडे बघितलं नाही. त्यांनी तळहात माझ्या फाटक्या कापडावर ठेवला.

"ही ती न्हवं," ते म्हणाले. "पर घसा ह्याचाच. ह्यातनंच बोलायची ती."

"शपथ मोडलीस," आई उत्कर्षाला म्हणाली. ओरडली नाही, हेच जास्त लागलं. "दहावीचं वरीस, आणि माझ्या गळ्याला हात लावून..."

"मोडली आई. चुकलं. पण कालच बोलायला हवं होतं, ते बोलले नाही, ते जास्त चुकलं."

मानसिंग काही बोलणार तोच आप्पांनी विचारलं, "फुडं काय झालं गं? घावली का बापाला पोरगी?"

"माहीत नाही आप्पा. शेवटचा भाग राहिलाय."

आप्पा मान हलवत राहिले. मग मानसिंगकडे वळून म्हणाले, "मी एकदा म्हनलं व्हतं, नाव काडायचं न्हाई. रागात म्हनलं. वाटलं व्हतं, म्हैन्याभरात कुनीतरी परत इचारंल. वीस वर्सं झाली. कुनी इचारलंच न्हाई."

"आप्पा, तुमचा शब्द..." मानसिंग म्हणाला. "तुमचा शब्द म्हणून आमी..."

"व्हय. पर एकदा तरी इचारायचं, रं."

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला पुसा, ओलीपासून जपा, माझ्यावर कांद्याची पोती ठेवू नका, हे मागणं तर मी करणारच. पण मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी फळीपलीकडे असेल. त्याला ऐकू येत नाही असं तुम्ही ठरवून टाकलं असेल. एकदा फळीवर वाजवून बघा. मला माझा शब्द नाही म्हणून मी गप्प होतो. तुम्हाला तो आहे.

मग उत्कर्षाने मोबाईल बंद केला आणि आईच्या हातात दिला. ओढणीने डोळे पुसले, वेणी मागे टाकली, आणि पाटणला माइकसमोर उभी राहिली होती तशी दोघांसमोर ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रविवारी पहिल्या गाडीनं मी आप्पांना घेऊन सांगलीला आत्याकडं जाणार आहे. इतिहासाचं पुस्तक गाडीत वाचीन. तुमी रागवा, नाहीतर बरोबर चला, पण पत्ता मला आत्ता लिहून द्या."